म्हावरं आत आणू नये

जगात आहेत तेवढे नियम पुरेसे नाहीत, असं अगदी मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि ते मला मास्तर म्हणतात, कारण मी तळा या गावी शाळेत शिकवतो. साडूभाऊंची अख्खी नोकरी मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत परिपत्रकं लिहिण्यात गेली. माणसं निवृत्त होताना खुर्ची सोडतात आणि घरी येऊन नातवंडांत रमतात. साडूभाऊंनी खुर्ची सोडली खरी, पण परिपत्रकं सोबत घेऊन आले. साधं "चहा घेणार का?" एवढं विचारायचं तर ते म्हणणार, "मास्तर, आपण चहा घेण्यास इच्छुक असाल, तर साखरेबाबतचा निर्णय आधण ठेवण्यापूर्वी कळवावा." एकदा मी चहा समोर आल्यावर साखर कमी मागितली, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो गोड चहा गुपचूप पिऊन वर छान झालाय म्हणूनही सांगितलं.

त्यांच्या घरात चपला काढायच्या त्या भिंतीकडे तोंड करून. बेल एकदाच वाजवायची आणि दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभं राहायचं. हापूस आंबा दिवाणखान्यात खायचा नाही, मोरीजवळ उभं राहून खायचा, आणि कोय चोखताना आवाज करायचा नाही. गॅलरीत मोठ्या हौसेनं बांधलेला सागवानी झोपाळा आहे. एकदा जेवणानंतर मी त्यावर बसून पायानं असा मस्त रेटा दिला, तर साडूभाऊ आतून धावत आले. "मास्तर, झोपाळा हा बसण्यासाठी आहे." मी म्हटलं, "मग त्याला कड्या कशाला लावल्यात?" मी हे गमतीनं म्हटलं होतं. पण साडूभाऊंना गमतीनं बोललेलं कळत नाही. ते खरोखर विचारात पडले आणि पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा झोपाळ्याची फळी सुतळीनं गॅलरीच्या कठड्याला बांधून टाकलेली होती. माझी मेव्हणी, म्हणजे ताई, स्वयंपाकघरातून ओरडली, "बसा आता बाकावर! मी म्हटलं होतं ना, या माणसाला काही सुचवू नका म्हणून!"

ताई साडूभाऊंच्या अगदी उलट. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दिवसातून एखादा तरी नियम मोडल्याशिवाय तिला जेवण जात नसे, आणि तिनं नियम मोडला की साडूभाऊ अर्धा तास तिला त्यामागचं तत्त्व समजावून सांगत. मग दोघांचं जे भांडण जुंपे, ते ऐकत मी आणि माझी बायको आंबा खात बसायचो, दिवाणखान्यात. तेवढ्या वेळात कोणी बघत नसे. असं भांडण झालं की साडूभाऊ ताजेतवाने दिसत. त्यांना ते आवडायचं हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण आवडायचं.

निवृत्तीनंतर कुठं राहायचं हा प्रश्न आला तेव्हा ताईनं एकच अट घातली होती. "मला समुद्र नको, बाग नको. दारावर म्हावरेवाली आली पाहिजे. तिला मी नावानं हाक मारणार आणि घासाघीस करणार. मुंबईत मान खाली घालून मासे घेतले, आता मला ओरडून घ्यायचेत." साडूभाऊंनी ही अट शब्दशः पाळली. समुद्रकाठच्या किहीमच्या अलीकडे रस्त्याला लागूनच एका नव्या संकुलात त्यांनी दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. लिफ्ट नव्हती, पण गॅलरी थेट फाटकावर उघडत होती. संकुलातले बाकीचे बहुतेक जागामालक मुंबईचे, सुट्टीपुरते येणारे. पहिल्या सभेत अध्यक्ष कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी घातली. साडूभाऊंचा हात प्रश्न संपायच्या आधीच वर होता.

त्यानंतर त्या संकुलात जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. फाटकाशी एक फलक लागला. सुरुवातीला त्यावर गाड्या कुठं लावाव्यात एवढंच होतं. मग समुद्रावरून येणाऱ्यांनी पायाची वाळू फाटकाबाहेर झटकावी, असं आलं. मग गच्चीवर मिरच्या वाळत घालू नयेत. रस्त्यावरून दिसतील असे कपडे दोरीवर टाकू नयेत. जिन्यात बसू नये. गॅलरीतून रस्त्यावरच्या माणसाशी बोलू नये. एका रविवारी मी सकाळी लुंगी नेसून, खांद्यावर पंचा टाकून समुद्राकडे निघालो, तर फाटकावरच्या रखवालदारानं मला अडवलं. हा रखवालदार म्हसळ्याकडचा, चांगला पोक्त, मिशा पिकलेला माणूस. "पावनं, लुंगीवर आवारात फिराया बंदी हाय." मी म्हटलं, "अहो, मी अध्यक्षांचा साडू." तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, त्यांचा बाप आला तरी सोडायचा न्हाय." मी वर जाऊन पॅंट घातली आणि पॅंट घालून समुद्रात पाय बुडवून आलो. येताना वाळू बाहेर झटकली.

आवारात नारळाची झाडं होती. नारळ डोक्यात पडेल म्हणून झाडाखाली उभं राहायला बंदी झाली. पडलेला नारळ कोणाचा यावरून दोघा जागामालकांत कुरबुर झाली, तेव्हा समितीनं ठरवल्याशिवाय पडलेला नारळ कोणी उचलू नये, असा नियम आला. समितीतले लोक मुंबईला. त्यांची बैठक काही जमेना. नारळ पडत राहिले, पडलेल्या नारळांना कोंब फुटले, आणि आता तिथं माडांची छोटीशी नवी बाग उभी राहते आहे. ती उपटायची की ठेवायची हेही समितीपुढं आहे.

मला हसू येई, पण एक गोष्ट मी तेव्हाही पाहत होतो. यातल्या एकाही नियमाला कोणी विरोध केला नाही. मीसुद्धा नाही. प्रत्येक नियम इतका लहान होता, की त्याच्यासाठी तोंड उघडायची लाज वाटावी. लुंगीसाठी का कोणी भांडतं? मिरच्यांसाठी सभा का बोलवायची? आपण म्हणतो, जाऊ दे, एवढ्यानं काय होतंय, आणि पॅंट घालून येतो. साडूभाऊंचा तर यात काडीचा स्वार्थ नव्हता. उन्हातान्हात हिंडून कोणाचा नळ गळतो, कोणाचा दिवा जळत राहिलाय, हे तेच बघत, आणि बाहेरगावच्या जागामालकांची झाडंसुद्धा स्वतः पाणी घालून जगवत. माणूस चांगला होता. नियमांवर त्याचं प्रेम होतं, इतकंच.

या सगळ्यात ताई मात्र मजेत होती, कारण तिला हवं ते मिळालं होतं. रोज सकाळी हिरा यायची. हिरा कोळीण. ताईच्याच वयाची, नाकात मोठी नथ, डोक्यावर पाटी. फाटकाबाहेरूनच तिची आरोळी यायची, "आयले गो बाय!" आणि मग दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून ती उंबऱ्याशी पाटी टेकायची. पाटीत मांदेली, बोंबील, कधी नशीब असलं तर खाडीचा जिताडा. ताई मासा उचलून नाक मुरडायची, "हा कालचा दिसतोय." हिरा भडकायची, "कालचा? अगो, अजून हालतोय त्यो! तुझ्यासाठी राखून ठेवला, आनि मना बोलते कालचा!" भाव ठरता ठरता हिरा रागानं पाटी उचलून अर्धा जिना उतरायची, ताई वरून हाक मारायची, हिरा परत चढायची. मग चहा. मग हिराची सून, ताईच्या सुना, कोणाच्या होडीला काय लागलं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं. हे रोज चालायचं. साडूभाऊ आत पेपर वाचत असल्याचं दाखवायचे आणि मधूनच "आवाज!" असं म्हणायचे. जेवताना मात्र जिताड्याचं कालवण पुन्हा पुन्हा वाढून घेताना त्यांना कसलाच नियम आठवत नसे.

आणि मग एका सुट्टीत कोणा जागामालकाच्या पाहुण्यांना जिन्यात मासळीचा वास आला. तक्रार झाली. साडूभाऊंपुढं तक्रार आली की त्यांना नियम करण्यावाचून गत्यंतर नसे. फलकावर ओळ चढली: फेरीवाले व मासळी विक्रेते यांना आवारात प्रवेश बंद, झाकणाच्या डब्याशिवाय म्हावरं आत आणू नये. सभेत कोणीतरी म्हणालं, की त्या एका कोळणीला सोडायला काय हरकत आहे, तुमच्याचकडे तर येते. साडूभाऊ उभे राहिले. "एकाला सोडलं की नियमाला भोक पडतं. आणि मग त्या भोकातून सगळं गाव आत येतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ते ताईला म्हणाले, "तू खाली जाऊन घे की. फाटकापर्यंत तर जायचंय."

मधल्या काळात ताईचे गुडघे गेले होते. दोन मजले उतरणं आणि चढणं तिला होत नव्हतं. हे साडूभाऊंना माहीत होतं, पण नियम लिहिताना सुचलं नव्हतं. परिपत्रकं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं सर्वसाधारण माणूस असतो, आणि सर्वसाधारण माणसाचे गुडघे नेहमी ठणठणीत असतात.

पहिले काही दिवस गंमतच झाली. जिताड्याशिवाय साडूभाऊंना राहवेना, पण अध्यक्षानं उघडपणे डबा घेऊन कोळणीपुढं उभं राहायचं कसं? एका सकाळी ते कचेरीतली जुनी चामडी बॅग घेऊन फेरफटक्याला गेले आणि रस्त्यावर हिराकडून मासा घेऊन, बॅगेत घालून, चेहऱ्यावर सरकारी भाव आणून परत आले. फाटकाशी रखवालदारानं बॅगेखाली पडणारे थेंब पाहिले. "साहेब, बॅग गळतीय." साडूभाऊ म्हणाले, "कागदपत्रं आहेत." रखवालदार म्हणाला, "कागदपत्रांना शेपूट हाय, साहेब." बाहेर शेपूट खरंच आलं होतं. दुसऱ्या कोणी ते प्रकरण हसून मिटवलं असतं. साडूभाऊंनी मासा रखवालदाराला देऊन टाकला, वर गेले आणि अध्यक्षाच्या सहीनं स्वतःला नोटीस काढली: आपल्याकडून खुलासा मागविण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी खुलासा सादर झाला. तिसऱ्या दिवशी तो असमाधानकारक ठरवून त्यांनी स्वतःला सक्त ताकीद दिली. तिन्ही कागद फलकावर लागले होते. मी ते वाचून इतका हसलो, की रखवालदारानं आवारात मोठ्यानं हसण्याबद्दल काही नियम आहे का, हे तपासायला मान वर केली.

मग एके दिवशी त्यांचा मला फोन आला. साडूभाऊ स्वतःहून कधी फोन करत नाहीत. आवाज अगदीच खाली आलेला. "मास्तर, तुमच्या ताईचं काहीतरी बिघडलंय." मी घाबरलो. विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? "डॉक्टरचं नाही हो ते. ती माझ्याशी भांडत नाही. मी परवा मुद्दाम टोमॅटो कसे चिरावेत यावर बोललो. तर म्हणाली, बरं. मास्तर, ती बरं म्हणाली!"

मी आणि बायको लगोलग गेलो. घर स्वच्छ होतं, चपला भिंतीकडे तोंड करून होत्या, आणि कुठं काही आवाज नव्हता. ताई गॅलरीत त्या बांधलेल्या झोपाळ्यावर बसली होती. खालून रस्त्यावरून हिराची आरोळी गेली, "म्हावराऽऽ घ्या म्हावरा!" ताईनं मान वळवली, ओठ उघडले, आणि मग गॅलरीतून बोलायचं नाही हे आठवून मिटून घेतले. आपली ताई नियम पाळायला लागली, हे पाहून माझी बायको आत जाऊन रडली. साडूभाऊ दारात उभे राहून हे बघत होते. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडले ती त्यांना मिळाली होती आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनी सभा बोलावली. मोबाइलवरची, कारण बाकीचे सगळे मुंबईला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी उठून उभं राहून, मोबाइलसमोर कोणी उभं राहत नाही हे विसरून, तो नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. पडद्यावरच्या चौकटींतून एक एक जण बोलू लागला. सगळे अतिशय नम्रपणे बोलले. एक म्हणाले, "काका, तुम्हीच तर शिकवलंत, एकाला सोडलं की नियमाला भोक पडतं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, की नियमामुळं आता इथं किती शांत वाटतं, सगळं श्रेय तुमचं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं एकच हात वर झाला आणि तो बराच वेळ तसाच वर राहिला. शेवटी मी तो धरून खाली आणला.

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मात्र लवकर उठून, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकावर गेले. मीही मागोमाग गेलो. हिरा पाटी घेऊन येत होती. साडूभाऊ रखवालदाराला म्हणाले, "सभासदांचे पाहुणे आत येऊ शकतात. बरोबर?" रखवालदार म्हणाला, "बरोबर. पर नातं सांगाया लागतं." साडूभाऊंनी हिराकडे बोट केलं. "मेव्हणी." रखवालदारानं हिराकडं पाहिलं, साडूभाऊंकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माझीपण." दुसरं काय म्हणणार? त्या क्षणापासून रेवसच्या बाजूला होडीवर जाणारा हिराचा नवरा आमचा तिसरा साडू झाला, हे त्या बिचाऱ्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

"पाहुणी येऊं दे," रखवालदार म्हणाला, "पर पाटी आत न्हाय जायाची."

हिरा उसळली. "अरे, पाटी सोडून मी कुठं जाऊ? कावळं हायत, मांजरां हायत. म्हावऱ्यावर कोन बसल? तुझा बाप बसल?"

साडूभाऊंनी घसा साफ केला. कचेरीत कठीण फाईल हातात घेताना त्यांनी असाच घसा साफ केला असेल. "मी बसतो," ते म्हणाले.

परवा मी पुन्हा गेलो होतो. फाटकाबाहेर, रखवालदाराच्या स्टुलावर, आमचे साडूभाऊ बसले होते. एका हातात पाटीवर धरलेली छत्री, दुसऱ्या हातात कावळे हाकायला गुंडाळलेला पेपर, पायाशी ताईचा झाकणाचा डबा. पाटीभोवती दोन-तीन गिऱ्हाइकं होती आणि साडूभाऊ त्यांना सांगत होते, "रांगेत यावं. मासा दाबून बघू नये. कल्ले मी उघडून दाखवीन." त्यांनी खरंच बोंबलाशेजारची सुरमई उचलून, कल्ला उघडून, आतला लाल रंग एका बाईंना दाखवला. हाताला खवले चिकटलेले होते. सदऱ्याची इस्त्री गेली होती.

वरच्या गॅलरीत भांडण पेटलं होतं. पाटी खाली, मासे खाली, आणि वर दोघी त्याच माशांवरून घासाघीस करत होत्या. "काय गो, एवढ्याशा मांदेलीला एवढा भाव? खाली दिसतायत मला इथनं!" "दिसतंय तर डोळ्याला चष्मा लाव! जातंय मी, ठेव तुझा चहा!" मग जिन्यात पावलं उतरल्याचा आवाज, मग ताईची हाक, मग पावलं परत वर. साडूभाऊ मान खाली घालून ऐकत होते. ओठांच्या कडेला हसू आलं होतं, ते छत्रीखाली लपवायचा प्रयत्न चालला होता.

रखवालदार अदबीनं पुढं आला. "साहेब, गॅलरीतला आवाज लई होतोय. नियमाप्रमाणं नोटीस काढाया लागंल. तुमची सही पायजे."

साडूभाऊंनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "माझे हात ओले आहेत," ते म्हणाले. "वाळले की बघू."

रखवालदार गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "मास्तर, नियम घालताना एवढासा वाटतो हो. काढायला गेलं की निघत नाही." हिराचा जिना उतरल्याचा आवाज येत होता, या वेळी खरंच खाली निघाली होती ती, आणि प्रत्येक पायरीवर थांबत होती. तिचेही गुडघे आता दुखायला लागले आहेत. आम्ही दोघांनी ते ऐकलं. मला वाईट वाटलं. साडूभाऊ स्टुलावरून उठले, खवल्यांचे हात सदऱ्याला पुसले आणि फाटकाशी आलेल्या हिराला म्हणाले, "उद्यापासून जरा लवकर येत जा. घाई नको. जेवढा वेळ बसायचं तेवढा बस. मी आहे इथं." आणि तिनं पाटी उचलून डोक्यावर घ्यायच्या आत, वर गॅलरीकडे तोंड करून, भर रस्त्यात, भर सकाळी, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आरोळी ठोकली:

"अगोऽ, मांदेली घेतलीस की नाही?"

"घेतली!" वरून ताई ओरडली. "आणि ओरडू नका, लोकं काय म्हणतील!"